जास्तीचा ठोका

३ जुलै
दवाखान्यातला जुना कॉम्प्युटर अखेर बसला. नवा आला, नवी विंडोज घालून. ईसीजीचा डबा मात्र तोच. त्याची जाड पिन लावायला नव्यात जागाच नाही. डॉक्टर म्हणाले, "रूथ, एवढं तू बघ. नवं मशीन यंदा नाही जमायचं." तळेगावात छातीत दुखलं की माणसं आधी आमच्याकडं येतात. ईसीजी काढणारी मी एकटी.

५ जुलै
शिरूरहून गणेश आला, कॉम्प्युटरवाला. कन्व्हर्टर केबल लावली. डबा चालवणारा जुना ड्रायव्हर प्रोग्रॅम विंडोज घेईचना, धोका आहे म्हणे. त्यानं कसली कसली सेटिंगं बंद केली, रीस्टार्ट... आणि रेघ आली!
पेशंटवर कशाला, म्हणून आधी मीच झोपले. दवाखान्यातल्या मंदामावशींनी पडदा ओढून चिमटे लावले. नंतर छापून आलेली पट्टी बघितली. मधेच एक रुंद, वेडावाकडा ठोका. मग मोकळी जागा. पुढं परत तसंच.
गणेश म्हणाला, "मॅडम, केबल डाटा खात आसंल. व्हतं तसं."
मीही हसले. पप्पांचं पण... नको.

६ जुलै
गणेश परत आला, दोघांचा ईसीजी काढला. मावशींची पट्टी स्वच्छ. गणेशची एका ठिकाणी तुटलेली. म्हणजे केबलच! हायसं वाटलं.
पण त्याची रेघ तुटली होती. माझ्यात ठोका जास्तीचा आहे. हे दोन वेगळे. मला कळतं, तेच वाईट.

९ जुलै
गणेशनं चांगली केबल आणली. त्याची रेघ आता सलग. "तुमची बगायची का परत?" म्हटलं, पेशंट आहेत. एकच होता, खोकल्याचा.
पप्पा शेतातून आले, पाणी मागितलं, आणि तांब्या आणेपर्यंत गेले. माझ्याच वयाचे होते.

१२ जुलै
बाजार. गर्दी. वडगाव रासाईचे एक आबा घामानं भिजून आले. चिमटे दोनदा तपासून लावले. रेघ खोटी निघाली तर? डॉक्टर पट्टी बघून म्हणाले, "भरवसा ठेवू ना?" माझ्या उत्तरासाठी ते थांबले नाहीत. गोळी दिली, गाडीत घालून शिरूरला पाठवलं.

१३ जुलै
आबा वाचले. तिथली पट्टी त्यांच्या सुनेनं फोनवर पाठवली. डॉक्टरांनी आमच्या पट्टीशेजारी धरली. जशीच्या तशी. "जमलं की गं, रूथ!" पेढे आणले. माझा पेढा मी मावशींना दिला.
मशीन खरं बोलतंय.

१५ जुलै
दुपारी दवाखाना रिकामा. मावशींना चिमटे लावायला सांगितलं. चांगल्या केबलवर. आहेच तो. आता जास्त वेळा.
"काय गं, तोंड का उतारलं?"
"काही नाही, मावशी." पट्टी छापलीच नाही.

१६ जुलै
शमुवेलला सांगितलं. नवऱ्यापासून किती दिवस लपवणार? त्यानं ताट बाजूला सारलं. "डॉक्टरान्ला का न्हाई दावलं?"
काय सांगणार? दाखवलं की ते खरं होईल.
"उद्या कंपनीत सुट्टी टाकतो. दौंडला जाऊ." प्रार्थना त्यानंच केली. मी नुसते डोळे मिटले.

१७ जुलै, दौंड
मोठा दवाखाना, नवंकोरं मशीन. शमुवेल बाहेर बाकावर. आतली सिस्टर बडबडी. पाऊस, एसटी, तिच्या नणंदेचं लग्न. मी छताकडं बघत होते, स्क्रीनकडं बघायची हिंमत नव्हती. रेघ सुरू झाली आणि ती बोलायची थांबली.
ते गप्प होणं मी ओळखते. मीही असंच करते.
मग हळूच म्हणाली, "ताई, सोबत कोण आलंय तुमच्या?"