वेस्टरहोल्मला येणाऱ्यांसाठी सूचना

२ जून, सोमवार

वेस्टरहोल्मच्या लोकांनो! आपण सत्तावीस जण उरलो आहोत, आणि उन्हाळाभर रोज तीनशे परके येऊन आपल्या दारांचे फोटो काढतात. स्वतःला पाहुणे म्हणवतात. पाहुण्याला निदान बोलावलेलं असतं!

— उद्याच्या सभेत सुरुवात अशी करायची. दोनदा मोठ्याने म्हणून पाहिली. दुसऱ्या वेळी शेजारच्या कोंबड्या गप्प झाल्या.

मुद्दा एकच, भरतीचा तक्ता. किनाऱ्यावरून बेटावर येणारा सहा किलोमीटरचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. तो कधी उघडा आणि कधी बुडालेला, ते तक्त्यावर असतं. मार्चअखेर सरकार घड्याळं तासभर पुढे ढकलतं. समुद्र ढकलत नाही. म्हणून आमचा तक्ता बारा महिने हिवाळी वेळेचा. उन्हाळ्यात मनातल्या मनात एक तास मिळवायचा. इथलं पोर चालायला लागतं तेव्हापासून मिळवतं. परके मिळवत नाहीत, पाणी उतरायच्या आधीच गाडी घालतात आणि अडकतात. बेटाची प्रमुख मलेने म्हणते, तक्ता घड्याळाच्या वेळेनेच छापू. म्हणजे समुद्राने आता परक्यांना विचारून यायचं!

३ जून

चाळीस मिनिटं बोललो. ग्रीकांपासून सुरुवात केली, मलेनेवर संपवलं. टाळ्या! म्हाताऱ्या योहानेने तर काठी आपटली. मतदानाला थांबलो नाही. टाळ्या वाजवतात तेच हात वर जातात. घरी येऊन हेरिंग मासा आणि राय धान्याची भाकरी खाल्ली, शांत झोपलो.

५ जून

मलेने दारात. हातात नवा तक्ता, चेहरा पडलेला. काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, हरलेल्या माणसाने जिंकलेल्याची समजूत घालायची नसते. तिने तक्ता माझ्या हातात दिला. मग म्हणाली, परक्यांसाठी सूचनांचं एक पान हवंय, तुमच्याइतकं झणझणीत कोणी लिहीत नाही. मुलगी हुशार आहे.

तक्ता कॉफीच्या किटलीखाली ठेवला.

ती निघताना मी शाळेचं विचारलं; निवृत्तीपर्यंत तिथला मास्तर मीच होतो. एक ऑगस्टपर्यंत शिक्षक मिळाला नाही तर शाळा बंद. मुलं तीन, घरं दोन. ती दोन घरं गेली की इथे फक्त आम्ही म्हातारे आणि मेंढ्या. मलेने म्हणाली, बघू. आणि हसली. यात हसण्यासारखं काय आहे?

माझी मुलगी सिग्ने ऑर्हूस शहरात शिकवते. तीन वर्षं तिच्या मागे लागलोय, ये म्हणून. या घरात तिच्या आईनंतर कोणी मोठ्याने वाचलेलं नाही. ती दर वेळी एकच सांगते: "बाबा, तुम्ही लोक बुडणाऱ्याकडे बघत कॉफी पिता. तिथे मी मुलांना काय शिकवू?"

बुडत कोणी नाही! रस्त्यावर, बेटापासून अर्ध्या किलोमीटरवर लाकडी मचाण आहे, शिडी आहे. माणूस वर चढून बसतो. बुडते ती गाडी.

७ जून

सूचना लिहिल्या. सकाळ सुखात गेली.

दूरच्या देशातून येणाऱ्यांनो, चिखलात बूट अडकला तर बूट सोडा, पाय ठेवून घ्या. — आमची दारं उघडी असतात. म्हणून आत येऊ नका. — रस्त्यात भेटलेला माणूस तुमच्याशी बोलला नाही तर तो तुमच्यावर खूश आहे. बोलला तर निघा. — वारा सुटलाय का, असं विचारू नका. — गाडी भाड्याची असेल तर काचा खाली करून या. पाण्याला आत यायला सोपं जातं.

गेल्या उन्हाळ्यात एका गृहस्थाने मला विचारलं होतं, समुद्र संध्याकाळी किती वाजता बंद होतो. मी म्हटलं, सहाला, पण रांग लागते. पाचपासून किनाऱ्याच्या बांधावर उभा होता बिचारा, बायको मागे, पोरं मागे. तेही घातलं असतं. कागद संपला.

१० जून

सिग्नेचा फोन. रविवारी येते म्हणाली. आवाजात काहीतरी होतं, खुशीसारखं. "तक्ता मिळालाय मला. अजून एक तास मिळवायचाच ना?"

मी म्हटलं, ऑर्हूसला राहून इतकी परकी झालीस? मिळव.

१४ जून, शनिवार

ऊन. बांधावर खुर्च्या टाकल्या. योहानेचा केक, थोरकिलची दुर्बीण. थोरकिल म्हणजे आमचा ट्रॅक्टरवाला, अडकलेल्यांना तोच ओढून आणतो. पण हातातला कप संपल्यावर. हा नियम वीस वर्षांपूर्वी मी घातला. ज्याला समुद्राची घाई कळत नाही, त्याला आमची तरी कशाला कळावी?

थोरकिल म्हणाला, रस्ता बंद होऊन अर्धा तास झाला, आणि आला एक. मी म्हटलं, कसा बंद होईल, तक्त्यात तास मिळव, अजून अर्धा तास आहे. योहाने केक कापत राहिली.

हिरवी गाडी, मला नुसता ठिपका. थोरकिल सांगत होता: टपावर गादी बांधली आहे आणि एक कपाट.

कपाट! मग मला कोण थांबवणार? उभा राहिलो. मित्रांनो, म्हटलं, हा माणूस चार दिवसांच्या सुट्टीला कपाट घेऊन आला आहे, कारण त्याला मोजे घडी करून ठेवायची सवय आहे. पाणी चाकांच्या वर आलं. म्हटलं, आता तो कपाटाला विचारतोय, तुला पोहता येतं का. योहाने हसता हसता रडली. ठिपका गाडीतून उतरला, पडला, उठला, मचाणाकडे निघाला. छातीइतक्या पाण्यात. मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. पाण्यावरून आवाज लांब जातो.

थोरकिल हसत नव्हता. दुर्बीण त्याने खाली घेतली, मांडीवर ठेवली. कप अर्धा भरलेला होता, तो त्याने गवतात ओतला आणि ट्रॅक्टरकडे निघाला.

"नियम, थोरकिल," मी ओरडलो.

"मास्तर," तो वळून न बघता म्हणाला, "तुम्ही आता खाली बसा."

१५ जून

सिग्ने होती.

रात्री स्वयंपाकघरात उभी होती, तिच्या आईच्या झग्यात. दात वाजत होते. मी विचारलं, शनिवारी कशी आलीस, रविवार म्हणाली होतीस ना. लेकीला मी पहिलं हे विचारलं.

मलेने कोरडे कपडे घेऊन आली होती. तिने किटली उचलली, खालचा तक्ता काढला, तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. वेळ घड्याळाप्रमाणे. काही मिळवू नये. मतदान सतरा विरुद्ध सहा, तिच्या बाजूने. टाळ्या भाषणाला होत्या, म्हणाली.

म्हणजे काल बांधावर सगळ्यांना माहीत होतं. एका मला सोडून. आणि रोज इतके परके छापलेलं वाचून नीट येतात-जातात. बुडाली कोण, तर बापाचं ऐकणारी.

सिग्ने माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी मोठं बोलणार होतो. शब्द तयारही होते.

"मचाणावरून तुमचा आवाज ओळखला मी," ती म्हणाली. "आधी वाटलं, मला हाक मारताय."

सकाळच्या ओहोटीला थोरकिलच्या ट्रॅक्टरवर बसून परत गेली. कपाट वाळूत आडवं पडलं होतं. त्यावर एक पाणपक्षी.

१६ जून

मलेनेने दोन कागद दाखवले. मतदानाच्या दुसऱ्या दिवसाचा, चार जूनचा: शाळेची नोकरी सिग्नेने घेतली होती. बाबांना सांगू नका, मीच येऊन सांगेन, असं खाली हाताने लिहिलेलं. दुसरा आजचा: नको.

ऑगस्टला सहा आठवडे आहेत. मलेने, थोरकिल, योहाने, कोणीही — ऑर्हूसला जा. तिच्या दारात उभे राहा. मी काही लिहून देणार नाही, तुम्हाला येतील त्या शब्दांत माफी मागा. मला बरोबर नेऊ नका.