खिडकीतलं पुटपुटणं

ता. ७ जानेवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

जगातल्या सगळ्या धर्मांचे सगळे देव तुझ्या लक्षात राहतात असं ऐकते. मग दात पडलेल्या एका म्हातारीला सुके अंजीर पाठवायचे तेवढे कशी गं विसरतेस? निघताना दाराच्या चौकटीला धरून कबूल केलं होतंस. त्याला पाच महिने झाले. घड्याळजी म्हणतात, साडेचार. शेजारचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांचं, त्यामुळे पत्र लिहायला बसले तरी माझ्या बोलण्याचेसुद्धा काटे जुळवत राहतात. मला अक्षर येत नाही, त्यांना गप्प बसता येत नाही, म्हणून आमचं जमतं.

इकडे इस्त्रीचं दुकान बरं चाललंय. तुझी आई आता कॉलरी माझ्यापेक्षा चांगल्या काढते, पण हे तिला कळवू नकोस. तुझा बाप पहाटेच्या पाळीला कारखान्यात जातो. सूनबाईला एकच घोर लागलाय, की पोरगी विद्यापीठात सगळ्यांचे धर्म शिकता शिकता घरचा विसरेल. मी तिला म्हटलं, चार घरी जेवलं म्हणून कोणी आईच्या हातची चव विसरत नाही. तिला पटलं नाही. मलाही निम्मंच पटलंय.

तुझं मागचं पत्र तीन ओळींचं होतं. तीन ओळींचं पत्र दोघंच लिहितात, एक सुखात लोळणारा, नाहीतर काहीतरी दडवणारा. तू लोळणाऱ्यांतली नव्हेस. काय ते लिही.

लोभ आहे तो अंजिरांवर अवलंबून नाही. तरी पाठव.

तुझी,
आजी

ता. १६ जानेवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

अंजीर विसरले, कान धरते. (घड्याळजीकाका, पुढचं जरा हळू वाचा. आई शेजारीच असेल.)

आजी, दर शनिवारी आमच्या बाई आम्हाला एकेका प्रार्थनाघरात नेतात. कुठे चपला बाहेर, कुठे डोकं झाकायचं, एका ठिकाणी तर तासभर नुसतं गप्प बसायचं. आम्ही मागे वह्या घेऊन बसतो. सुरुवातीला फार आवडायचं. आता बसलं की उठावंसं वाटतं, आणि उठलं की जायचं कुठे ते कळत नाही. माझ्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं होतात. दिवसभर तीच घालत असते. चार धर्मांच्या प्रार्थना पाठ झाल्यात, परीक्षेत घडाघडा लिहिते. पण एकही आतून येत नाही. घरचीसुद्धा नाही.

आता वर्षाचा मोठा निबंध आलाय. आपल्या घरातल्या एका माणसाची प्रार्थना शब्दाला शब्द उतरवायची आणि तिच्यावर लिहायचं. मी वर्गात बढाई मारून बसले, की माझी आजी रोज पहाटे खिडकीत उभी राहून अख्खी प्रार्थना तोंडपाठ म्हणते. अठरा वर्षं मी तुझ्या त्या पुटपुटण्याने जागी झाले, पण एक शब्द कधी कानावर पडला नाही. ते शब्द मला पाठव. पंधरा फेब्रुवारीच्या आत हवेत. निबंधासाठी कमी, माझ्यासाठीच जास्त. ते मिळाले तर इथे टिकेन असं वाटतं. नाहीतर बॅग भरून परत येईन आणि इस्त्री धरीन.

आशीर्वाद असू दे, आणि उत्तर लवकर येऊ दे.

तुझी,
भिंगरी

ता. २५ जानेवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

प्रार्थना म्हणजे काय खुंटीवरचा सदरा आहे, काढला आणि दिला? इथे लग्नसराईसारखी कपड्यांची रास पडलीय, माझा घसा बसलाय, आणि घड्याळजींच्या लेखणीची शाई फुटतेय. शिवाय इस्त्रीवाल्या घरातली पोर तू, इतकी चुणचुणीत, अठरा वर्षांत कान देऊन ऐकलं असतंस तर आज ही वेळ आली नसती. दोष माझ्या माथी मारू नकोस.

पण तू परत यायचं म्हणतेस, म्हणून देते. ही घे.

“हे सात समुद्रांच्या धन्या, आमच्या शिडांत वारा भर. आमच्या वल्ह्यांना बळ दे. धुक्यात आम्हाला किनारा दाखव आणि आमची जाळी रिकामी आणू नकोस.”

झालं समाधान? आता निबंध लिही, पोटभर जेव आणि खोलीत येरझाऱ्या घालू नकोस. जमीन झिजेल, घरमालक ओरडेल.

तुझ्यावर माया आहेच, ती वेगळी लिहायला नको.

तुझी,
आजी

ता. ३ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

आपल्या घरात तीन पिढ्यांत कोणी होडीत पाय ठेवलेला नाही. तुला आंघोळीच्या बादलीची भीती वाटते. आजी, ही प्रार्थना माझ्या पुस्तकात पान दोनशे बारावर आहे, मी अजून तिथवर पोचले नव्हते. ती दुसऱ्याच धर्माची आहे, समुद्रावरच्या कोळ्यांची. मी ती वर्गात वाचून दाखवली तेव्हा बाईंनी हसू दाबलं, बाकीच्यांनी दाबलं नाही.

हसले त्याचं काही नाही. पण मला एवढंच कळत नाही, की अठरा वर्षं मी जे ऐकत उठले ते काय होतं. तू सांगत का नाहीस? मी सगळ्यांच्या देवघरात पाहुणी म्हणून बसते, आता तुझ्यापाशीही पाहुणीच झाले का?

खोली सोडते असं घरमालकिणीला सांगितलंय. पंधराला निबंध द्यायचा नाही, नाव काढून घ्यायचं आणि सोळाच्या गाडीने निघायचं. आईला तू सांग, माझ्याने लिहवत नाही.

तुझी,
भिंगरी

ता. ८ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

आज मी घड्याळजींना दोनदा लेखणी खाली ठेवायला लावली. पण मग लिहिणार कोण? कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं थांबत नाही. लिहा म्हटलं, आणि ह्या दुकानाबाहेर गेलं तर तुमचं एकही घड्याळ वेळ दाखवणार नाही असा दमही दिला.

आधी त्या कोळ्यांचं सांगते. एक गिऱ्हाईक घड्याळजींकडे गजराचं घड्याळ कागदात गुंडाळून घेऊन आलं होतं. कागदावर प्रार्थना छापलेली. त्यांना वाटलं, प्रार्थना ती प्रार्थना. त्यांनी वाचली, मी मान डोलावली. वल्हं म्हणजे काय, एवढं तरी विचारायला हवं होतं.

खरं असं आहे, की मला आपली प्रार्थना येत नाही. कधीच आली नाही. आमच्या माहेरी ती पुस्तकातून वाचायचे, पुस्तक भावांच्या हातात आणि मी चुलीपाशी. लग्न होऊन आले त्या पहिल्याच पहाटे सासूबाईंनी मला खिडकीत उभं केलं आणि म्हण म्हणाल्या. येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून नुसते ओठ हलवले. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, त्या खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हलवले. चौपन्न वर्षं हलतायत. प्रार्थनाघरात बायका मला पहिल्या रांगेत उभं करतात आणि माझ्या ओठांकडे बघून आपले जुळवतात. हे फुटलं तर मला शेवटच्या रांगेतही कोणी घेणार नाही. म्हणून तुला कोळ्यांची प्रार्थना विकली.

पण नुसते ओठ हलवून जबडा दुखतो. मग मी काहीतरी म्हणायला लागले. कोण कुठे आहे ते म्हणते. हे असं.

तुझा बाप पाळीवर गेलाय, त्याच्या डाव्या बुटाचा तळ सुटलाय, यंत्रापाशी त्याचा पाय नीट पडू दे. सूनबाईच्या मनगटात इस्त्री उचलताना कळ येते, ती जाऊ दे. तुझे आजोबा वारल्यापासून कुठे आहेत ते मला माहीत नाही, जिथे असतील तिथे त्यांचा चष्मा त्यांना सापडू दे. समोरच्या चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचा दिवा अजून लागला नाही, लागू दे. भिंगरी परगावी आहे, तिच्या खोलीत सातच पावलं मावतात, तिला आठवं टाकायला जागा मिळू दे.

जो घरात निवांत झोपलेला दिसतो त्याला गाळायचं, म्हणून रोज ती वेगळी होते. अठरा वर्षं तू तिच्यात नव्हतीस, कारण तू मागे अंथरुणात लोळत होतीस. आता रोज असतेस. परत आलीस तर पुन्हा गळशील, त्याला माझी ना नाही. पण तू शब्द मागितले होतेस, ते हे. निबंधात घालण्याजोगे नाहीत हे मलाही कळतं.

राग आला असला तर राग धर, पण पत्र टाक.

तुझी,
आजी

(मी घड्याळजी. माझा खोकला हिवाळ्यापासून या यादीत आहे असं आत्ता कळलं. तो औषधाने कमी झाला, तरी तुझ्या अभ्यासासाठी कळवून ठेवतो.)

ता. १५ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

बॅग निम्मी भरली होती, तेवढ्यात तुझं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत उभी राहिले आणि सहज सुरुवात केली. आजी इस्त्रीपाशी, तिचा पदर निखाऱ्यापासून लांब राहू दे. असं करत अकराव्या माणसापर्यंत गेले तेव्हा लक्षात आलं, की वही उघडलीच नाही.

निबंध लिहून झालाय. बाईंनी वाचायला मागितला, मी दिला नाही. तुझी परवानगी नसताना देणार नाही. विभागाच्या अंकात छापतात, म्हणजे आई वाचणार, आणि आईकडून प्रार्थनाघरातल्या बायकांपर्यंत जाणार. तू नको म्हणालीस तर फाडून टाकीन. बाईंनी पंचवीसपर्यंत मुदत वाढवलीय, तोवर खोली सोडत नाही. पलंग भिंतीला सरकवलाय. आता आठ पावलं होतात.

मायेने उत्तर दे, घाईने नको.

तुझी,
भिंगरी

ता. २० फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

तुझ्या अंकाची वाट कोण बघणार, म्हणून सूनबाईला मीच सांगून टाकलं. चौपन्न वर्षांचं सगळं. ऐकता ऐकता तिच्या हातून एका विजारीवर इस्त्रीचा आख्खा ठसा उमटला. मला वाटलं, आता ही रडणार किंवा बायकांकडे धावत जाणार. ती हसायलाच लागली. तिलाही येत नाही! लग्न झाल्यापासून माझे ओठ बघून आपले हलवतेय. मग तू काय म्हणतेस, असं विचारलं. खूप आढेवेढे घेतले, शेवटी कबूल झाली. म्हणते, “आटपा हो सासूबाई, दूध उतू जाईल.” रोज तेवढंच. आणि मी उगाच समजत होते, की सुनेचा भक्तिभाव माझ्यापेक्षा जास्त आहे.

पहिल्या रांगेतल्या बाकीच्या बायका काय म्हणतात ते आता न विचारलेलंच बरं. मी कालही तिथेच उभी राहिले, आणि कालही सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

निबंध देऊन टाक. आजीने सांगितलं म्हणून लिही, त्यात लपवायचं काही नाही. आठव्या पावलाचं कळलं, म्हणून तेवढं गाळलंय. बाकी तू आहेस यादीत.

माया आहे ती अशीच हलत राहू दे.

तुझी,
आजी

ता. क. अंजीर अर्धा किलो पाठव, मऊ बघून घे, आणि डब्यात भर. छापील कागदात मुळीच बांधू नकोस, घड्याळजी तेही उतरवून घेतील.