न हलणारी गादी

शहादा, मंगळवार, संध्याकाळ

विसरायच्या आत लिहून टाकते.

दुपारी नवी गादी आली. ह्यांच्या पाठीसाठी एवढी महागाची घेतली. घेताना दुकानदाराने तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि शेजारी दणकन बसला, तरी पाण्यावर साधा तरंग उठला नाही. "एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याला कळत नाही, ताई." तेव्हा मला ते किती आवडलं होतं!

चहा पिऊन हे आडवे झाले. जुन्या कापसाच्या गादीवर हे हलले की मीही कलंडायचे. गेल्या वर्षी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेही मला तसंच कळलं होतं. आज बराच वेळ झाला तरी कण्हणं नाही, काही नाही.

देवाजवळून सासूबाई ओरडल्या, "दिवा लावानी येळ व्हयनी, उठाड त्याले! या येळले कोन्ही झोपस का?"

शेजारी जाऊन बसले, पण हात लावायचा धीर होईना. अंग गार लागलं तर? मग काय सुचलं कोण जाणे, पाण्याचा ग्लास आणून ह्यांच्या कुशीजवळ ठेवला आणि पाण्याकडे बघत राहिले. पाणी हललं नाही. ते हलणारच नव्हतं, त्याचेच तर पैसे मोजले. कळत होतं, तरी नजर हटेना.

ह्यांनी डोळे उघडले. "मन्हासाठे पानी लई उनी का?" म्हणत ग्लास उचलून घटाघटा प्यायले.

दिवा लावला. आत्ताच रात्रीसाठी ग्लास परत भरून गादीवर ह्यांच्या शेजारी ठेवला, तर हसले.

"रातले माले कुठे तहान लागस?"