डोळ्यांचा आवाज

४ जानेवारी
आज जेवताना सगळ्यांना हसवलं. सकाळच्या पेशंटची, एका शिंप्याची, नक्कल केली — "मॅडम, मी डोळे फिरवले की त्यांचा आवाज येतो मला. कोरं कापड फाडल्यासारखा." शिवणयंत्र सुरू झालं की खोली कलते म्हणे! सासूबाईंना ठसका लागेपर्यंत हसू.
चक्कर येणाऱ्यांच्या आतल्या कानाचे स्कॅन वाचायचं काम सध्या माझ्याकडे. शिंप्याच्या स्कॅनवर 'दोष नाही' लिहिलं. मनाच्या डॉक्टरकडे पाठवा, हेही मीच सुचवलं.

१९ जानेवारी
स्कॅनचा ढीग. मान धरलीय.

२ फेब्रुवारी
कानाच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. शिंपी दुकान बंद करून घरी बसलाय, एकदा परत बघ म्हणाल्या. मी कुरकुरतच बसले. या वेळी मात्र स्कॅनचे बारीक काप घेतले, तिरके.
आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन नळ्या असतात. शिंप्याच्या सगळ्यात वरच्या नळीवर हाडाचं छतच नाही. भोक! बाहेरचा आवाज तोल हलवतो तो त्यामुळेच. अंगातले आवाज मोठे होऊन ऐकू येतात तेही त्यामुळेच. शब्द न् शब्द खरा होता त्याचा.
हेच मी वर्गात शिकवते.

३ फेब्रुवारी
सासूबाईंनी विचारलं, त्या शिंप्याची पुढची काही गंमत? ताट बाजूला सारलं. उठले.

७ फेब्रुवारी
त्याला बोलावून घेतलं. पडद्यावर भोक दाखवलं. चूक माझी, हेही सांगितलं. ऑपरेशनने बुजवता येतं म्हटलं. वाटलं, चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.
त्याने पडद्यावरच्या भोकावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "हे दोघा भावांना असू शकतं का?"
असू शकतं, मी म्हटलं.
त्याचा थोरला भाऊ वेड्यांच्या इस्पितळात आहे. कित्येक वर्षं. तोही हेच सांगायचा. घरात सगळे हसायचे, नंतर घाबरायला लागले. "नेताना गाडीत मीच बसवलं त्याला. स्वतःला हे व्हायला लागलं तेव्हा कळलं, दादा खरं बोलत होता. पण घरी सांगायची हिंमत झाली नाही. तुम्हाला सांगितलं."
आणि मी काय केलं!

२१ फेब्रुवारी
दादाचा स्कॅन झाला. दोन्ही कानांत भोक.
बाहेर बाकावर शिंप्याला सांगितलं. तो उठला नाही. म्हणाला, "आत जाऊन तुम्हीच सांगा त्याला. माझ्या तोंडचं आता त्याला खरं वाटणार नाही."