मागचं डावं दार

कोल्हापूर, मंगळवार, १२ मार्च १९७४

कोडोलीच्या डॉक्टरांची जुनी अँबॅसिडर बघून आलो. टॅक्सीला घ्यायची म्हणून गणी मिस्त्रीला सोबत नेलं होतं. त्यानं बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला आणि माझ्याकडं बघून मान डोलावली. इंजिन ठणठणीत. पण मागचं डावं दार आपटल्याशिवाय लागत नाही. डॉक्टरांनी किंमत सांगितल्यावर मी ते त्यांच्यादेखत तीनदा आपटलं. म्हटलं, "नृसिंहवाडीला जाणारं गिऱ्हाईक असल्या गाडीत बसंल व्हय?"

डॉक्टर आता थकलेत. त्यांनी फक्त माझं गाव आणि आडनाव विचारलं. थोडा वेळ दाराकडं बघत राहिले, मग म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते द्या." मला वाटलं, मैदान मारलं. वाटेत मिस्त्रीला ऐटीत चहा पाजला.

घरी आईला सांगितलं, तर तिनं हातातली परात खाली ठेवली.

"अरं, त्याच गाडीतनं तुझ्या आबास्नी गावाकडनं कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं की! तू पलटणीत हुतास. डॉक्टरांनी सोता गाडी चालवली, पेट्रोलचं पैसं बी घेतलं न्हाईत. त्या दारातनंच त्यास्नी उचलून आत घातलं. म्हणून आणखी चार वर्सं जगलं."

डॉक्टरांनी ओळखलं होतं. मग बोलले का नाहीत? आणि मी तीनदा आपटलं. एकदा पुरलं नसतं?

उद्या जाऊन त्यांनी सांगितलेली पहिली किंमत देणार. निघताना ते दार त्यांच्यासमोर हळूच लावावं असं मनात आहे. पण ते आपटल्याशिवाय लागतच नाही.