शेळी हरवली नव्हती

रविवार, दिवेलागण

आज लवळ्याला कॉलेजात नातीचा नाच बघून आले. सोनलनं जुन्या मुक्या सिनेमासारखा इनोदी नाच बसवलाय. गाणं न्हाई, नुसती सिनेमाच्या मशीनची किरकिर. पोरगी काय नाचली, लई ग्वाड वाटलं. मी नणंदेला, वन्संना, बी संगं घेऊन गेलते. तितंच चुकलं.

नाचात एक सून शेळी हरवली म्हणून सासूला सांगून घरातनं निघती आन जत्रेच्या तंबूत सिनेमा बघत बसती. तिकडं नणंद डोंगरभर शेळी हुडकती. शेळी झालेली पोरगी मागं आरामात पाला खाती. लोक पोट धरून हसले. मी बी हसले, आन मग ध्यानात आलं. ही तर माझीच गोष्ट. गळ्याची आण घालून सोनलला एकटीला सांगितलेली. आन शेळीपायी काट्याकुट्यात फिरलेल्या वन्सं माझ्या शेजारी बसलेल्या.

बाहेर आल्यावर सोनलला म्हणलं, "घात केलास गं माझा." तर म्हणती, "आजी, तुझं नाव कुठं घेतलं?" नाव कशाला घ्यायला पायजे?

रिक्षात बसलो. मीच वन्संना म्हणलं, "शेळी मी ओढ्याला बांधून ठिवली होती. चुकलं माझं."

"शेळीचं जाऊ दे, वैनी," त्या म्हणाल्या. "मला का न्हाई न्हेलंस? तवर मी बी सिनेमा बघितला नव्हता."

इतकी वर्षं मी समजत होते, फसवलं ते सासूला. सोनलवर रुसून बसायचं ठरवलं होतं. आता कुठल्या तोंडानं रुसू?