गच्चीवरची वीज

करोल बाग, दिल्ली
६ मे २०२५

चि. अक्षयास आजीचे अनेक आशीर्वाद.

सगळ्यात आधी आली ती समोरची वृंदा, कणकेच्या हातांनीच, कारण काचा लावणारी माणसं जिन्याच्या वळणावर अडकली होती आणि निम्मी गल्ली खाली उभी राहून त्यांना अक्कल शिकवत होती. थोडा उजवीकडे, बिल्कुल उजवीकडे, असं चाललेलं. त्यांचा मुख्य माणूस केतन, पानिपतचा. माझं मराठी ऐकून म्हणाला, तुमचे लोक आमच्याकडे दर वर्षी काला अंबला, लढाईच्या जागी, येतात. मी त्याला दोन पेले पन्हं जास्त दिलं.

आठ काचा लागल्या, पोरी. गच्ची नुसती लखलखतेय. यमुनेकाठच्या वीजघरात आबांनी कोळशाच्या भट्टीपुढे जन्म काढला, आणि त्यांच्याच डोक्यावर आता नातीनं उन्हाची वीज बसवली. मी त्यांना तसं म्हटलं तर नाकातली नळी सरकवून म्हणतात कसे, तिचा सूर्य सात वाजता ड्युटी संपवून घरी जातो, आमचा कोळसा रात्रपाळी करायचा. एवढं बोलले आणि धाप लागली. म्हणून मी हल्ली त्यांना काही विचारतच नाही. पन्नास वर्षं आमटीत मीठ किती घालू हेसुद्धा विचारून करत आले, पण डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीय.

ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घुमत असतं. लाइट गेली की ते जुन्या इन्व्हर्टरवर चालायचं. आता घरचीच वीज आल्यावर त्या धुडाचं काय काम? मी तो बॅटरीसकट गच्चीवरच्या खोलीतल्या मयुराला देऊन टाकला. लातूरची गुणी मुलगी, कलेक्टर व्हायला आलीय, आणि लाइट गेली की घामानं तिच्या वह्या भिजतात. कालच तिचा पंखा जोडून झाला. आबा झोपले होते, त्यांना उठवलं नाही.

उन्हात डोक्याला काही बांधत जा. माया आहेच, पत्रानं ती ताजी ठेव.

तुझी आजी
कुसुमावती

*

फलोदी, राजस्थान
७ मे २०२५

ती. आजीस अक्षयाचा शि. सा. न. वि. वि.

केतनने फोटो पाठवले. तू काचांशेजारी नवरीसारखी उभी आहेस.

एक सांगायचं राहून गेलं होतं. गल्लीतली लाइट गेली की हे पॅनलही आपोआप बंद पडतं, ऊन कितीही असलं तरी. त्यामुळे आबांच्या यंत्राला जुना इन्व्हर्टर लागणारच, तो जागचा हलवू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आबांना बोलायला लावायचं नाही, म्हणून लिहितेय. इन्व्हर्टर आहे तोवर काळजीचं काही नाही.

इथे नजर पोचेल तिथवर काचाच आहेत. आता शेजारी मोठ्या बॅटऱ्या बसणार. दुपारचं ऊन त्यांत साठवून संध्याकाळी दिल्लीला पाठवायचं. आबांना सांग, त्यांच्या त्या नेहमीच्या सात वाजताच्या टोमण्याला उत्तर तयार होतंय.

दोघांच्या पायांवर डोकं ठेवते. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी
अक्षया

*

फलोदी
२९ मे २०२५

ती. आजीस शि. सा. न.

काल दिल्लीहून परत पोचले. खोलीच्या दाराखालून आत सरकवलेलं तुझं सहा तारखेचं पत्र सापडलं. इन्व्हर्टरचं मला आत्ता कळलं. तेरा दिवस मी तुझ्याशेजारी झोपले आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस.

आजी, चूक तुझी नाही. भर अकराच्या उन्हात लाइट गेली, वर आठ काचा तापत होत्या आणि खाली रुग्णवाहिका यायच्या आत आबा गेले. ते पॅनल कधी बंद पडतं हे मला शिकवलेलं आहे, पगार त्याचाच घेते. ते बसवायच्या आधी सांगायला हवं होतं, मी नंतर पत्र टाकलं. ते तुला मिळालं तरी का?

मी राजीनामा लिहून ठेवलाय, सोमवारी देईन. केतनला काचा उतरवून न्यायला सांगितलंय. तुला त्या रोज दिसायला नकोत.

तुझी
अक्षया

*

करोल बाग
६ जून २०२५

चि. अक्षयास आशीर्वाद.

तुझं पत्र वृंदानं दोनदा वाचून दाखवलं, माझे डोळे चालत नव्हते. राजीनामा दिला असशील तर परत माग. हे मी आधीच लिहिते, कारण मी पुढे भरकटते.

तुझं सात तारखेचं पत्र मिळालं होतं. आबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आलं. तू अस्थी घेऊन हरिद्वारला गेली होतीस. वाचलं आणि तांदळाच्या डब्यात खाली घातलं. तुला दाखवलं असतं तर तू अशीच वेड्यासारखी वागली असतीस, तशी तू आता वागलीसच.

त्या दिवशीचं तुला सगळं सांगितलं नव्हतं. लाइट गेली, यंत्र थांबलं. मी म्हटलं, वर वीज आहे, आत्ता सुरू होईल. अगं, मी वाट बघत बसले. मग वर धावले, तर मयुरा लायब्ररीत आणि खोलीला कुलूप. दार बडवलं. खाली आले तर आबांनी काचांबरोबर जिन्यात बसवलेल्या त्या पांढऱ्या डब्याकडे बोट केलं, त्याचा दिवा विझला होता. म्हणाले, बरोबर आहे. खांबावर माणूस असतो.

मला कळेना. मग थांबत थांबत त्यांनीच सांगितलं. त्यांच्या वीजघरात कुणी दुरुस्तीला तारेवर चढलं की खटक्याला त्याच्या नावाची पाटी टांगायचे. ज्याची पाटी त्यानंच खाली उतरून काढायची, साहेबालाही हात लावायची परवानगी नव्हती. लाइट गेलेली असताना घराघरातून वीज तारेत गेली तर तो वरचा माणूस मरेल, म्हणून डबा आपणहून बंद होतो. तुझ्या नातीनं शहाणं यंत्र लावलंय, असं म्हणाले. मग विचारलं, इन्व्हर्टर कुठाय.

मी सांगितलं. ते रागावले नाहीत. माझा हात धरला आणि एवढंच म्हणाले, विचारायचंस ना. ते शेवटचं.

तेव्हा त्यात तुझं काही नाही, बाळ. उत्तर घरातच होतं, मीच विचारलं नाही. मयुराला यातलं काही माहीत नाही आणि तू सांगायचं नाहीस. तिची परीक्षा आहे. इन्व्हर्टर तिच्याकडेच राहू दे, गच्चीवर गेले की पंखा फिरताना दिसतो.

काल केतन आला काचा उतरवायला. मी जिन्यात बसून राहिले, म्हटलं आधी मला उचला. पोरगा तिथंच पायरीवर बसला. त्याला सांगितलं, काढू नकोस, लाइट गेली तरी यंत्र चालेल अशी बॅटरी बसवून दे. म्हणाला, अम्माजी, अब किसके लिए, आणि जीभ चावली. मी म्हटलं, यंत्र आहे, खाट रिकामी आहे. गल्लीत कुणाला दम लागला आणि लाइट गेली तर त्याला इथे आणून निजवतील. वृंदानं तसं सगळ्यांना सांगूनही ठेवलंय.

जेवत जा. मी म्हातारी चुकले तरी तुझी माया कमी करू नकोस.

तुझी आजी

ता. क. केतन बॅटरी घेऊन गुरुवारी येतो म्हणालाय.